चंपतची जागा

"समुंदर दाखवतो म्हणे पोराले. घाणीतच उभं ऱ्हायाचं, तं समुंदर काय अन्‌ मोरी काय," गिरजाबाई कोपरापर्यंत हात मोरीत घालून स्वतःशीच पुटपुटत होती.

न्हाणीत कपडे भिजवणाऱ्या वच्छलाबाईंना ते खिडकीतून स्वच्छ ऐकू आलं. दोघींच्या मध्ये खिडकीची जाळी आणि फिनाइलचा वास, एवढंच अंतर.

भिलाईच्या वैशाली नगरातल्या त्या घराची मागची मोरी अधूनमधून तुंबायचीच. कधी भाताची शितं अडकायची, कधी सुनेचे केस. मग सुपेल्याच्या बाजारामागच्या सफाई कामगारांच्या वस्तीत निरोप जायचा आणि गिरजाबाई यायची. मागच्या गल्लीतून यायची, मागच्या गल्लीतूनच परत जायची. पुढच्या दाराला बेल होती, 'जय भीम' कोरलेली संगमरवरी पाटी होती. इतक्या वर्षांत गिरजाबाईनं ती पाटी जवळून पाहिली नव्हती. तिला कोणी मनाई केली होती असं नाही. मनाई करायची वेळच आली नव्हती, इतकं ते सगळ्यांना न सांगता ठाऊक होतं.

"काय झालं वो?" वच्छलाबाईंनी आतूनच विचारलं.

"काई नाई बाई. माह्या चंपतचा फोन नाई आला कालपासून."

"धर्मेंद्र हाये ना सोबत. कायले काळजी करून राहिली?"

गिरजाबाईनं काळ्या गाळाचा गोळा टोपल्यात टाकला. वास आत आला तसा वच्छलाबाईंनी पदर नाकाला लावला. "तुमाले सवय असते, गिरजाबाई. मले तं हा वास सोसत नाई," त्या म्हणाल्या. हे त्या दर वेळी म्हणायच्या. त्यात टोमणा नसायचा, थोडं कौतुकच असायचं.

धर्मेंद्र हा वच्छलाबाईंचा मुलगा. नेहरू नगरात हायवेच्या कडेला पाणी तपासणारी एक खासगी लॅब होती, तिथे तो सुपरवायझर होता. आजवर लॅबकडे छोट्या कारखान्यांचे नाले, तलाव, बोअर असली कामं यायची. या हिवाळ्यात पहिल्यांदाच समुद्राचं काम मिळालं होतं. ओडिशाकडच्या एका लहान बंदरात जहाजं आत यायची जी वाट असते, ती दर वर्षी गाळानं भरते आणि दर वर्षी उपसावी लागते. उपसायची तर आधी परवानगी हवी. त्यासाठी तिथलं पाणी आणि तळाचा गाळ तपासून द्यायचा: गाळात विष किती, उपसताना पाणी किती गढूळ होईल, मासे जगतील का. धर्मेंद्रनं जेवताना आईला हे सगळं समजावलं होतं. मासे जगतील का हेसुद्धा सरकार विचारतं, याचंच वच्छलाबाईंना बरं वाटलं होतं.

गिरजाबाईचा थोरला चंपत लॅबच्या सगळ्या नाल्यांत उतरायचा. बाटली घेऊन खाली जायचं, भरायची, वर द्यायची. लॅबमध्ये त्याला खुर्ची नव्हती, पण त्याच्यावाचून लॅबचं पान हलत नव्हतं. समुद्राच्या कामालाही धर्मेंद्र त्यालाच घेऊन गेला होता.

गिरजाबाई मोरी मोकळी करून गेली. दुपारी वच्छलाबाई भाजी निवडत बसल्या होत्या, तेव्हा निशा, म्हणजे सून, हातात फोन घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"आई, इनका फोन था," ती म्हणाली आणि फोन ओट्यावर ठेवला. "चंपत भैया नहीं रहे. पाण्यात गेले म्हणते."

वच्छलाबाईंना रडू आलं नाही. त्यांनी मेथीची जुडी संपवली. मग निवडलेली मेथी पुन्हा एकदा निवडली.

चंपतला आणलं त्या दिवशी वच्छलाबाई पहिल्यांदा त्या वस्तीत गेल्या. वस्तीही त्यांच्याकडे पाहून थोडी बाजूला झाली, जणू चुकीच्या लग्नात आलेली पाहुणी. गिरजाबाई लेकाच्या उशाशी बसली होती आणि पदराच्या टोकानं त्याच्या कानातला वाळलेला गाळ काढत होती. एक कान झाला, मग तिनं हळूच डोकं वळवून दुसरा घेतला. कोणी तिला थांबवलं नाही. धाकटा नरेश भिंतीला टेकून उभा होता.

"पाय घसरला," धर्मेंद्रनं सांगितलं. लॅबच्या साहेबांनीही फोनवर तेच सांगितलं. दोनचार दिवसांत त्या वाक्याला शेपूट फुटलं. सुपेल्याच्या बाजारात भाजीवाली वच्छलाबाईंना म्हणाली की चंपतनं थोडी घेतली होती म्हणे, आंघोळीला म्हणून उतरला. वच्छलाबाई वांगी घेऊन घरी आल्या. चंपत पीत नव्हता, हे त्यांना माहीत होतं. बोलायला तोंड उघडत नव्हतं. सगळं अंग दंतवैद्यानं सुई दिल्यासारखं झालं होतं. चावलं तरी कळत नव्हतं.

धर्मेंद्र तसाच. कामावर जायचा, यायचा, जेवायचा. एका दुपारी वरणात मीठ नव्हतं, तर त्यानं तसंच दोनदा वाढून घेतलं. वच्छलाबाई समोर बसून होत्या.

"मीठ नाई त्यात," त्या म्हणाल्या.

"हो का," तो म्हणाला. मग ताटाकडे पाहतच बोलायला लागला, कोणी विचारलं नव्हतं तरी.

गाळ उचलायचा लोखंडी पंजा नावेवर होता, तो बिघडला. दुरुस्त करायला तो परत न्यावा लागला असता आणि साहेबांना नमुने त्याच दिवशी हवे होते. जहाजांच्या वाटेच्या कडेला पाणी उथळ होतं, माणसाच्या मांडीपर्यंत. साहेब म्हणाले, माणूस उतरव. तिथल्या कोळ्यांपैकी कोणी तयार होईना, तो गाळ पाय धरतो म्हणाले. मग चंपत उतरला. त्यानं पाणी भरलं, गाळ भरला, डबे वर दिले. आणि परत फिरताना त्याचे पाय निघेनात. हसला होता आधी. म्हणे, धर्माभाऊ, समुंदरानं धरून ठेवलं मले. तोवर पाणी वाढायला लागलं.

"वाढायला लागलं म्हणजे?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"भरती, आई. समुद्राचं पाणी परत येते. मले माहीत होतं, शाळेत शिकलो होतो. पण ध्यानात कोणाच्याच नाई आलं. आपल्या नाल्याचं पाणी एकाच दिशेनं जाते ना."

दोर टाकला होता. ओढला, तसा तो ओरडला, कंबरेपासून तुटून राहिलो म्हणाला. मग सोडला. पुन्हा ओढला. पाणी छातीला आलं, मग गळ्याला.

धर्मेंद्रनं भाताचा घास केला आणि ताटातच ठेवला. "त्याले यायचंच नव्हतं खाली, आई. भाऊ, इथला गाळ येगळा दिसते, म्हणे. मीच म्हटलं, उतर रे, तुमाले सवय असते."

वच्छलाबाईंच्या हातात वाढायचा डाव होता. तो त्यांनी खाली ठेवला. हे वाक्य धर्मेंद्रला कोणत्या शाळेनं शिकवलं, ते त्यांना विचारायची गरज नव्हती. लहानपणी तो न्हाणीच्या दारात उभा राहून मोरी उपसताना पाहायचा, आणि आई पदर नाकाला लावून काय म्हणते ते ऐकायचा.

"माशांचं सगळं विचारतात," धर्मेंद्र म्हणाला. "झिंग्यांची पिलं कोणत्या महिन्यात येतात, तेपण. आत कोण उतरलं होतं, ते कोणीच नाई विचारत."

दाराशी देवराव उभे होते. वच्छलाबाईंचे यजमान, भिलाई स्टील प्लांटच्या कोक ओव्हनमधून, म्हणजे कोळशाच्या भट्टीवरून, रिटायर झालेले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. पण ते काहीच ऐकलं नसल्यासारखे बाहेर गेले आणि कुंड्यांना पाणी घालत बसले. सकाळीच घातलं होतं.

दर चौदा एप्रिलला विहारात देवरावांचं भाषण असायचं आणि त्यात त्यांच्या आजोबांची गोष्ट असायचीच. भंडाऱ्याकडच्या गावात मेलेली ढोरं ओढणं आजोबांच्या वाट्याला होतं. एका सकाळी पाटलाचा बैल मेला, आणि आजोबा म्हणाले, आजपासून नाई ओढत. गावानं पाणी बंद केलं, दुकान बंद केलं. आजोबांनी ढोराला पुन्हा हात लावला नाही. "माणसाच्या जन्माले काम चिकटवणं, याच्यासारखं दुसरं पाप नाई," इथे देवराव चष्मा काढायचे आणि टाळ्या पडायच्या. पहिल्या रांगेत वच्छलाबाई असायच्या. त्याही टाळ्या वाजवायच्या.

पुढच्या आठवड्यात धर्मेंद्र बातमी घेऊन आला. लॅबचे साहेब चंपतच्या जागेवर नरेशला घ्यायला तयार होते. पक्की नोकरी, लॅबचं ओळखपत्रसुद्धा.

भिलाईत राहणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. इथे बाप प्लांटच्या नोकरीत असताना वारला तर त्याच्या जागी मुलाला घेतात. अनुकंपा नियुक्ती हा शब्द इथल्या बायांना मुलांच्या बारशापासून पाठ असतो. ज्या घरात तशी नोकरी आली त्या घराचं दुःख निम्मं झालं, असंच लोक धरून चालतात. देवरावांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रक्त आलं. "हे बरं केलं बाप्पा," ते म्हणाले. निशाही म्हणाली की चला, उनके घर का कुछ तो हुआ. सगळ्यांनाच थोडा श्वास घेता आला. आपण चांगले लोक आहोत, असं त्या घराला पुन्हा वाटायला लागलं.

"काम काय करन तो?" वच्छलाबाईंनी विचारलं.

धर्मेंद्र बूट काढत होता. "अर्धे नमुने राहिलेत ना. ते दिल्याबिगर परवानगी नाई."

"पंजा दुरुस्त झाला?"

त्यानं बूट नीट जोडीनं ठेवले. "होईन," तो म्हणाला.

देवरावांनी टीव्हीचा आवाज मोठा केला.

नरेश निघायचा त्या दुपारी मागच्या दाराची कडी वाजली. गाडी दुर्गहून संध्याकाळी होती. गिरजाबाई गल्लीत उभी होती, धुतलेलं लुगडं नेसून. मागे नरेश, नवा शर्ट, खांद्याला चंपतचीच बॅग. बॅगेच्या बंदाला कसलीशी पांढुरकी खार धरली होती.

"पाया पडाले आणलं याले," गिरजाबाई म्हणाली. तिनं पदराखालून पेढ्यांची पुडी काढली. "एक पोरगं गेलं, पन तुमी दुसऱ्याले धरलं बाई. कोन करते आमच्यासाठी इतकं?"

वच्छलाबाईंनी पुडी घेतली नाही. त्यांनी दार सताड उघडलं आणि बाजूला झाल्या. "आत ये."

"राहू द्या बाई, इथूनच..."

"आत ये म्हटलं ना."

गिरजाबाई चपला गल्लीत काढून आत आली. स्वयंपाकघरातून, ओट्याला अंग लागू न देता, बैठकीत. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, शेजारी बाबासाहेबांची. तिनं दोन्हीकडे पाहून हात जोडले. देवराव सोफ्यावरून उठले, बसा म्हणाले, पण कुठे ते त्यांना सुचलं नाही. धर्मेंद्र बॅग भरत होता, तोही बाहेर आला. नरेश वाकून देवरावांच्या पाया पडला आणि देवरावांनी आशीर्वादाला हात उचलला.

"खूप मोठा हो. मेहनत कर," ते म्हणाले. "चंपतचं नाव राख. बिचाऱ्याचा पाय घसरला, तू जपून..."

"घसरला नाई त्याचा पाय," वच्छलाबाई म्हणाल्या.

धर्मेंद्रनं एकदा "आई" म्हटलं, अगदी हळू. देवराव डोळ्यांनीच नको म्हणत होते. नोकरी जाईल, पोलीस येतील, घराचं काय, विहारात काय तोंड दाखवायचं, हे सगळं त्या डोळ्यांत होतं, आणि वच्छलाबाईंना ते सगळं वाचता आलं. इतकी वर्षं संसार केला होता त्या डोळ्यांशी. त्यांनी नजर काढून घेतली आणि गिरजाबाईचा हात धरला. खरखरीत, नखांत काळी रेघ असलेला हात. आजवर कधी धरला नव्हता.

"बस," त्या म्हणाल्या, आणि तिला सोफ्यावर बसवून स्वतः शेजारी बसल्या. गिरजाबाई त्यांच्याकडे पाहत राहिली. तिच्या मांडीवर पेढ्यांची पुडी तशीच होती.

"नरेशले पाठवू नको गिरजाबाई. हे अनुकंपा नोहे, यालेबी त्याच गाळात उतरवतीन. चंपत पीत नव्हता, आंघोळीले नव्हता गेला. मशीन बिघडली म्हनून त्याले गाळात उतरवलं. तो नाई म्हनत होता, तरी उतरवलं. माह्या पोरानं उतरवलं. पोलिसात जायचं असन तं मी तुह्यासंगं येतो, जे ऐकलं ते सांगतो." त्यांचा आवाज चढला नाही, की कापला नाही. "अन्‌ त्यानं कावून उतरवलं, ते या घरात कोनी बोलत नाई, तं मी बोलतो. चंपत आमच्यातला असता, तं धर्मेंद्रनं त्याले उतरवलं नसतं. तुह्या वस्तीतला होता, म्हनून उतरवलं."