देवाच्या दारातला फळा

मित्रांनो, फळा म्हटलं की तुम्हाला शाळा आठवेल. मीही फळाच आहे, जुना, एका कोपऱ्याचा टवका उडालेला; पण माझ्यावर कधी कुणी पाढे लिहिले नाहीत. धानोऱ्याच्या बाजूला एक लहान गाव आहे. तिथल्या चर्चच्या दाराशेजारी मी उभा असतो.

वीरसिंग सुतारांनी मला घडवलं. चर्चची बाकं करून सागाच्या काही फळ्या उरल्या होत्या. ते रंधा मारायला बसले की त्यांची बायको फुलवंताबाई शेजारी बसून वाचून दाखवायच्या, कधी बायबलमधलं वचन, कधी एखादी कविता. वीरसिंगांना स्वतःला वाचन फारसं जमत नसे. पण ओळ आवडली की त्यांचा रंधा थांबायचा.

"परत वाच व," ते म्हणायचे.

एकदा असंच थांबून ते म्हणाले, "तू वाचस, मी एकलाच ऐकस. गावले बी वाचू दे." आणि त्यांनी उरलेल्या फळ्या जोडायला घेतल्या. असा माझा जन्म झाला.

त्यानंतर दर शनिवारी संध्याकाळी फुलवंताबाई खडू घेऊन यायच्या आणि रविवारचं वचन माझ्यावर लिहायच्या. मित्रांनो, एक गंमत सांगतो. मला माझं अंग दिसत नाही. खडू फिरतो तेव्हा गुदगुल्या होतात, पण काय लिहिलंय ते कुणी मोठ्यानं वाचल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे मी सारखा कान देऊन असतो. शेतावर निघालेल्या बाया थांबून एकेक अक्षर जुळवत वाचायच्या. केळीचा ट्रॅक्टर नेणारा एक जण माझ्यासमोर आला की वेग कमी करायचा आणि पुटपुटत वाचायचा. घाईत त्यानं शेवटचे दोन शब्द गिळले, की मला दिवसभर चुटपुट लागून राहायची.

मग एका वर्षी वीरसिंग तापानं गेले. चर्चमधूनच त्यांची शवपेटी नेली. त्या शनिवारी फुलवंताबाई आल्या नाहीत, पुढच्याही नाहीत. त्यांनी वाचणं सोडलं, चर्चला येणंही सोडलं. उपासनेची सगळी व्यवस्था पाहणारे फत्तेसिंगकाका, वीरसिंगांचे जुने मित्र, दोनचार वेळा त्यांच्या घरी जाऊन आले. शेवटी त्यांनी नंदुरबारहून रंगीत फ्लेक्स छापून आणला आणि दारावर लावला. मला मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून ठेवलं. तिथे फाटक्या चटया होत्या आणि एक मोडका पंखा. मला मात्र एकच प्रश्न छळायचा. बाहेर आता लोक काय वाचत असतील?

मला बाहेर काढलं रिनानं. ही फुलवंताबाईंची भाची. ती रविवारी मुलांना गोष्टी आणि गाणी शिकवायची. तिनं माझ्यावरची धूळ पुसली, मुलांना कोळसा नि पाला आणायला लावला आणि मला घासून घासून काळं केलं. मग दाराशी उभं करून एक ओळ लिहिली. मुलांनी ती एका सुरात वाचली,

"देवबा, मन्हा आंगनमा तू कव्हय येशी?"

मी चकित झालो. आजवर माझ्यावर पुस्तकातली मराठी यायची. ही तर घरातली, चुलीजवळची बोली होती! खाली रिनानं मोठ्यानं म्हणत लिहिलं, 'पुढची ओळ तुम्ही लिहा.' आणि खडू माझ्या पायाशी ठेवून दिला.

दोन दिवस कुणी खडूला हात लावला नाही. मग गावातल्या भुरीबाई आल्या. त्यांना लिहिता येत नव्हतं. त्या रिनाला म्हणाल्या, "लिख पोरी. मी चुल्हा पेटाडस, तव्हय ये." दुसऱ्या दिवशी कापूस वेचून परतणाऱ्या कुणीतरी लिहिलं, "कपाशी येचस, तव्हय ये." ट्रॅक्टरवाल्यानंही थांबून एक ओळ लिहिली. आता लोक वाचायला येत आणि लिहून जात. रिनानं पुस्तकांची एक पिशवीही माझ्या शेजारी टांगली. ओळ सुचेपर्यंत लोक त्यातलं एखादं चाळत उभे राहत.

एका शनिवारी दिवेलागणीला एक हात माझ्यावर टेकला. तो हात मी लगेच ओळखला. फुलवंताबाईंचा होता. त्यांनी हळूहळू लिहिलं आणि त्या समोरच्या कडुनिंबाखाली जाऊन बसल्या. काय लिहिलं असेल? वाचायला कुणीच नव्हतं.

थोड्या वेळानं फत्तेसिंगकाका आणि रिना चर्च झाडायला आले. काकांनी माझ्यासमोर उभं राहून वाचलं,

"मन्हा धनी गया, तव्हय तू कोठे व्हता?"

त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी ओलं फडकं उचललं.

"हाई कोन लिखं? देवना दारमा असा सवाल?"

"काका, पुसू नका!" रिना मध्ये आली.

निंबाखालून आवाज आला, "मी लिखं, भाऊ. दुसरा कोले इचारू?"

फडक्याचं पाणी टपटप गळत राहिलं. काकांनी ते खाली ठेवलं. मग ते पायरीवर बसले. म्हणाले, "वहिनी, मी बी हाऊच सवाल इचारी ऱ्हायनू. पन मन्हामा लिखानी हिंमत नव्हती."

फुलवंताबाई रडल्या. वीरसिंग गेल्यावर पहिल्यांदाच त्या कुणासमोर रडल्या, असं रिनानं नंतर भुरीबाईंना सांगितलं.

रविवारी काकांनी मला उचलून आत नेलं आणि सगळ्या ओळी, त्या प्रश्नासकट, प्रार्थना म्हणून वाचल्या. एरवी ते पुस्तकी मराठीतच प्रार्थना करत. त्या दिवशी मात्र ते घरच्या बोलीत वाचत होते. शेवटच्या बाकावर फुलवंताबाई बसल्या होत्या. वाचन संपलं. तशा भुरीबाई उठल्या आणि त्यांना खेटून बसल्या.

आता शनिवारी पुन्हा फुलवंताबाईच येतात. वर वचन लिहितात आणि खालची जागा मोकळी सोडतात. त्या जागेत उद्या कोण काय लिहील, या विचारात माझा वेळ कसा जातो, कळत नाही.

मित्रांनो, तुमच्या शाळेत, देवळात, चर्चमध्ये, चावडीवर माझा एखादा भाऊ उभा असेल. त्याला ऊन-पावसात टाकू नका, अधूनमधून कोळसा-पाला लावा. आणि त्याच्यावर कुणी काही लिहिलेलं असेल, तर पुसण्याआधी एकदा मोठ्यानं वाचा. त्यालाही ऐकायचं असतं.