घोंगडीतली अंडी

मशीन खोटं बोलत होतं, आणि तेही तोंडावर. लाल आकडे एकेचाळीस अंश दाखवत होते, पण शालूनं काच सरकवून आत हात घातला तर अंडी जेमतेम कोमट लागली. आतला साधा काचेचा थर्मामीटर चौतीसवर आला होता. मशीनला मात्र वाटत होतं की आत भट्टी पेटलीय, म्हणून त्यानं हीटर बंद केला होता आणि शहाण्यासारखं गप्प बसलं होतं.

बजाजनगरातल्या घरामागची ती पत्र्याची शेड, मार्गशीर्षातली सकाळ, आणि पत्र्यातून शिरणारं गार वारं. शालूनं घाईनं काच परत सरकवली.

दुकानातली अंडी असती तर ती एवढी घाबरली नसती. ही म्हाळसाबाईची होती. म्हाळसाबाई म्हणजे शालूची सासू. सगळा जन्म फर्दापूरकडच्या गावी मेंढरांमागं गेलेला. तिच्या लग्नात आईनं एक कोंबडी आणि एक कोंबडा दिला होता. त्या जोडीचा काळ्या पिसांचा, उंच पायांचा वंश तिनं आजवर जपला होता. दिवाळीनंतर रोग आला आणि आठवड्याभरात खुराडं रिकामं झालं. रोगाआधी जमवलेली तीसेक अंडी तेवढी उरली. अंड्यांवर बसवायला खुडूक कोंबडी कुठून आणायची? म्हाळसाबाईनं बाजरीच्या टोपल्यात अंडी मांडली, एस.टी.त टोपलं मांडीवर धरलं आणि थेट सुनेकडं आली. सून मशीनवाली आहे, हे ती गावभर सांगत असे.

मशीन होतंही सुनेचंच. वाळूजच्या एका कंपनीत शालू इलेक्ट्रॉनिक बोर्ड तपासायचं काम करायची. नोकरी सुटली तशी घरी लोकांचे टीव्ही, मिक्सर दुरुस्त करू लागली. हे उबवणीचं मशीन तिनं भंगारातून उचलून जिवंत केलं होतं, आणि त्याचा तिला थोडा गर्वही होता. आज त्या गर्वाचं पाणी पाणी होत होतं.

"काय झालं गं?" म्हाळसाबाई दारात उभी होती.

"ऊब धरत नाय, आत्या."

सासूला ती आत्याच म्हणे. आत्याचा चेहरा उतरला. अंडी फुटायला एक-दोन दिवसच राहिले होते. कालच तिनं एक अंडं कानाला लावून आतली चिवचिव ऐकली होती आणि लहान मुलीसारखी हसली होती.

शालूनं नवऱ्याला फोन लावला. अजिनाथ कंपनीत होता. मागं यंत्रांची घरघर. "नवा बोर्ड मिळतो का विचारलं मी दुकानात," तो थोड्या वेळानं परत फोन करून म्हणाला, "इतकं जुनं मॉडेल कोणी ठेवत नाय म्हणे. हीटर डायरेक्ट जोड ना!"

सल्ला द्यायला काय जातंय? हीटर थेट जोडला की आवरणारं कोणी नाही. गारठून मरायची ती पिल्लं उकडून मेली असती. तिनं फोन ठेवला.

आधी तिला सेन्सरचा संशय आला. तापमान सांगणारा तो इवलासा मणी. जुना झाला की भलतंसलतं सांगतो. तिनं डब्यातला दुसरा जोडला. आकडे हलले नाहीत. मग तिनं सेन्सर काढूनच टाकला. आता मशीनला काही कळायलाच नको होतं, आकड्यांच्या जागी नुसत्या रेघा यायला हव्या होत्या. पण तरीही तिथं अडतीस दिसत होतं.

शालू त्या आकड्याकडं बघतच राहिली. सांगणारा माणूसच घरात नाही, मग हे ऐकतंय कोणाचं?

म्हणजे चोर बोर्डावरच होता. कुठंतरी नको तिथून करंट झिरपत होता. बोर्ड बाहेर काढायला हवा, तर मशीन बंद करावं लागणार. अंड्यांचं काय?

"माझ्याकडं दे," म्हाळसाबाई म्हणाली.

"आत्या, एक जरी आपटलं तर..."

"पावसापाण्यात जन्मलेली कोकरं वाचवलीत मी. दे."

शालूचं मन धजत नव्हतं, पण दुसरा मार्गही नव्हता. म्हाळसाबाई भिंतीला टेकून बसली, काळी घोंगडी मांडीवर पसरली. शालूनं एकेक अंडं तिच्या ओटीत ठेवलं. म्हाताऱ्या हातांनी घोंगडीच्या घड्या चारी बाजूंनी आत घेतल्या. मग ती अंगाचं मुटकुळं करून त्यावर वाकली आणि हलायची थांबली.

शालूनं बोर्ड उलटा केला. पाठीमागं पिवळट डाग होते. जुन्या बोर्डावर सोल्डरिंगची राळ अशीच पिवळी पडते. कंपनीत असे हजारो पाहिलेले. तिकडं दुर्लक्ष करून ती एकेक सांधा तपासत गेली. सांधे ठीक, तारा ठीक. सगळं ठीक असणं हीच मोठी पंचाईत होती.

"शालू, गार पडायलीत गं," मागून हलका आवाज आला.

सेन्सर खोचायच्या खाचेचा सांधा पुन्हा पक्का करावा म्हणून तिनं तापलेली सोल्डरिंगची सळई टेकवली. धूर निघाला, आणि शालू थबकली. राळेचा वास तिच्या नाकात मुरलेला होता. हा तो नव्हता. हा चंपाषष्ठीचा वास होता, तळीचा, खोबऱ्याचा, देवघराचा. हळद जळत होती.

भंडारा!

चंपाषष्ठीला म्हाळसाबाईनं तळी भरली, घरातल्या सगळ्यांना भंडारा लावला आणि मग शेडमध्ये येऊन 'येळकोट येळकोट' म्हणत मूठभर मशीनवरही उधळला होता. शालूही हसून हात जोडून उभी होती. झाकणाला हवेसाठी भोकं होती, हे ठाऊक असूनही. आतल्या पाण्याच्या वाफेनं हळदीचा चिखल झाला आणि तो झाकणाखालच्या बोर्डावर, सेन्सरच्या खाचेखाली जाऊन बसला. करायला गेले गणपती, झाला मारुती.

तिनं जुना टूथब्रश स्पिरिटमध्ये बुडवून बोर्ड घासला. हळद विरघळली आणि सगळीकडं पसरली. तिनं जोडून पाहिलं, तर आकडा पंचेचाळीस! तिनं पुन्हा स्पिरिट ओतलं, पुन्हा घासलं, खाचेखालून पातळ कापडाची पट्टी ओढली. ती पांढरी निघेपर्यंत ओढतच राहिली. मग केस वाळवायचं यंत्र लावून बोर्डावर गरम वारा धरला. घाई करून चालणार नव्हतं, आणि घाईशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं.

मागं म्हाळसाबाई घोंगडीवर आणखी खाली वाकली होती.

शालूनं सेन्सर न लावता बटण दाबलं. रेघा आल्या. सेन्सर लावला. आकडे आले आणि थर्मामीटरशी जुळले. 'टक' आवाज करून हीटर सुरू झाला. तिनं कपाळ मशीनला टेकवलं आणि तशीच उभी राहिली.

पुरेशी ऊब आल्यावर अंडी परत आत गेली. म्हाळसाबाईचे पाय आखडले होते. उठताना तिनं भिंत धरली.

"काय बिघडलं व्हतं गं?"

"ओल धरली होती," शालू म्हणाली. एवढ्यावर भागेल असं तिला वाटलं.

म्हाळसाबाईनं मान हलवली, कमरेची पिशवी सोडली आणि चिमूटभर भंडारा घेऊन हात झाकणावर नेला. शालूनं तिचं मनगट धरलं. जरा जोरातच धरलं गेलं.

म्हातारीनं आधी सुनेकडं पाहिलं, मग टेबलावरच्या पिवळ्याजर्द टूथब्रशकडं, मग झाकणाच्या भोकांकडं. तिला सांगायची गरज उरली नाही.

"माझ्याच हातानं?"

"व्हय, आत्या. मीबी बघत उभी होते, मलाबी सुचलं नाय."

म्हाळसाबाईचा हात तसाच हवेत राहिला. उचललेला भंडारा पिशवीत परत टाकता येत नाही, जमिनीवरही सांडता येत नाही. शालू पुढं झाली आणि मान वाकवली.

"मला लावा."

म्हातारीनं तिच्या कपाळावर भंडारा दाबला. बोट बराच वेळ तिथंच राहिलं. शालूला वाईट वाटत होतं आणि सुटल्यासारखंही वाटत होतं. इतक्यात काचेआडून बारीक चिवचिव आली, थांबली, आणि दुसऱ्या कोपऱ्यातून पुन्हा आली.

म्हाळसाबाईनं पदरानं डोळे पुसले आणि पिशवीची गाठ घट्ट मारली.

"देवालाबी सांगते आता," ती म्हणाली, "पिल्लं निघंपतूर लांबूनच बघ म्हणावं."