बापाच्या खुणा

पिंचर कोव्ह या कोळ्यांच्या गावात दार वाजवून घरात येतो तो एक तर पोलीस, नाही तर परका. गावातला माणूस मागच्या दाराने थेट स्वयंपाकघरात येतो, बूट काढतो आणि खुर्ची ओढून बसतो. हेडली पार्डीच्या घरी तर त्याच्या मेहुण्यासाठी, अँब्रोजसाठी, चुलीशेजारच्या खिळ्यावर वेगळा मग टांगलेला असायचा. निळा, काठाचा टवका उडालेला. अँब्रोज आला की एफी, म्हणजे हेडलीची बायको आणि अँब्रोजची थोरली बहीण, तो मग उतरवायची, चहा ओतायची, डब्यातलं घट्ट दूध घालायची. 'घेणार का' असं तिने भावाला लग्नानंतर कधी विचारलं नव्हतं. विचारायचं काय त्यात?

तर अशा या उघड्या घरात एका वस्तूने आपणहून कुलूप लावून घेतलं. ती वस्तू म्हणजे हेडलीचा लॅपटॉप.

शेवंडी, म्हणजे लॉबस्टर, पकडायचे सापळे टाकायचा पहिला दिवस चार दिवसांवर आला होता. हेडलीने लॅपटॉप उघडला तर पडद्यावर पाटी: अपडेट चालू आहे, बंद करू नका. हेडली आज्ञाधारक माणूस. त्याने बंद केला नाही. पाव खाल्ला, एका सापळ्याची फाटलेली जाळी विणली, परत येऊन पाहिलं. एक गोल फिरत होता. दुपारी त्या मेल्याने फिरणंही सोडलं, पडदा काळा झाला, मग निळा. आणि त्यावर लिहून आलं की पुढे जायचं असेल तर अठ्ठेचाळीस आकड्यांची किल्ली भरा.

"अठ्ठेचाळीस!" हेडली ओरडला. "अगं, बँकसुद्धा चारच मागते! माझं मशीन, माझ्या टेबलावर, आणि मलाच विचारतंय तू कोण म्हणून!"

"मग सांग की कोण ते," पीठ मळता मळता एफी म्हणाली. "बघू तरी त्याला पटतंय का."

पण हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती. त्या मशीनमध्ये हेडलीच्या बापाच्या खुणा होत्या.

न्यूफाउंडलंडच्या या किनाऱ्यावर पाण्याखालचे चांगले खडक माणूस फक्त आपल्या मुलाला दाखवतो. शेवंडी कुठे दाटीने बसतात ते बापाने जन्मभर धुंडाळलं होतं. डुक्करीण नावाच्या मोठ्या खडकामागे तिचं पिल्लू म्हणतात तो छोटा खडक लपला आणि त्याच वेळी चर्चचा मनोरा टेकडीच्या खिंडीत आला, की होडीच्या बरोबर खाली शेवंडीचा पहिला खडक. अशा बाराएक जागा. मग गावात माणसं उरली नाहीत, चर्च विकलं गेलं, आणि घेणाऱ्याने ते लाकडासाठी पाडायला काढलं. मनोरा उतरवायच्या आधीच्या उन्हाळ्यात हेडलीने म्हाताऱ्याला होडीत बसवून प्रत्येक खडकावर नेलं आणि एकेक जागा लॅपटॉपमधल्या नकाशावर टिपून घेतली. त्या हिवाळ्यात म्हातारा गेला. आता मनोरा नाही, बाप नाही. होतं ते सगळं या निळ्या पडद्यामागे.

हेडलीने मुलीला फोन लावला. ट्रिना तिकडे अल्बर्टात तेलाच्या खाणीवर कामाला होती. तिने सांगितलं तसं त्याने सगळं केलं. वायर काढली, बटण दाबून धरलं, पुन्हा चालू, पुन्हा बंद. तिसऱ्या खेपेला दुरुस्तीचं पान उघडलं. अपडेट काढून टाक, ट्रिना म्हणाली. त्याने ते दाबलं. काढायलाही किल्ली हवी होती.

"इथे आणखी एक आहे," हेडली म्हणाला. "सगळं पुसून नव्याने सुरू करा."

"बाबा, हात काढ! ते दाबलंस तर आजोबांच्या खुणा गेल्या समज."

हेडलीने दोन्ही हात खिशात घातले.

"मला सांग, हा लॅपटॉप पहिल्यांदा कोणी चालू केला? खातं कोणाच्या नावावर आहे?"

"खातंबितं मला काय माहीत! सेंट जॉन्सहून अँब्रोजमामाने आणला तुझ्या. त्यानेच लावून दिला. माझा ई-मेल कुठे होता? त्याचाच घातला. दोन घरांत एक पुरे की."

"मग किल्ली मामाच्या खात्यात असणार. आणि बाबा, तुझा नकाशाही आपोआप तिकडे जात असणार, इतकी वर्षं."

"मग उत्तम झालं की!" हेडलीच्या जिवात जीव आला. "मी समजत होतो समुद्रात पडलं. ते तर शेजारच्या घरात निघालं!"

"आधी किल्ली हातात येऊ दे," ट्रिना म्हणाली.

हेडली तसाच उठून अँब्रोजकडे गेला. मागच्या दाराने आत शिरला तर अँब्रोज स्वयंपाकघरात स्वतःच्या लॅपटॉपसमोर बसलेला. त्याने झाकण खाली केलं.

"गड्या, मला अठ्ठेचाळीस आकडे दे," हेडली म्हणाला आणि सगळी कथा सांगितली. "आणि आतला नकाशाही आहे म्हणे तुझ्याकडे."

अँब्रोजने मान खाजवली. "माझ्याकडे कसलं काय रे. ते खातं किती जुनं. पासवर्डच आठवत नाही. बघतो, शोधतो."

"शोध बाबा. शनिवारी टाकायचेत सापळे."

"शोधतो म्हटलं ना."

दुसऱ्या दिवशी अँब्रोज म्हणाला, खातं उघडलं पण रिकामं आहे. त्याच्या पुढच्या दिवशी तो घरी भेटलाच नाही, आणि खिळ्यावरचा निळा मगही कोरडाच राहिला.

"पाच मिनिटांचं काम आहे ते, बाबा," ट्रिना फोनवर म्हणाली. "मामा टाळतोय तुला."

हेडली भडकला. "जिभेला हाड आहे का? मी बर्फ फुटून पाण्यात गेलो तेव्हा पोटावर सरपटत येऊन ओढलं कोणी मला? तुझ्या मामाने. तो माणूस मला आकड्यांसाठी फसवेल? तुमच्या तिकडे करतात तसले धंदे. आमच्या इथे दाराला कडी नाही!" आणि त्याने फोन ठेवला. एफी मान वर न करता कणीक मळत राहिली.

शनिवारी उजाडता उजाडता सगळ्या होड्या धक्क्यावरून सुटल्या. पहिल्या दिवशी जो जिथे आधी सापळा टाकेल ती जागा हंगामभर त्याची. दुसऱ्याच्या बापजाद्यांच्या खडकावर कोणी जात नाही हे खरं. कायद्यात नाही ते, पण लाजेत आहे. अँब्रोजची होडी जागेवर नव्हती. अंधारातच गेला, कोणीतरी म्हणालं.

हेडलीने डुक्करिणीकडे तोंड केलं. पिल्लू तिच्यामागे लपवण्याएवढं त्याला येत होतं. पण त्या रेषेत पुढे किती जायचं ते सांगणारा मनोरा कुठे होता? खिंडीत नुसतं आभाळ. 'मनोऱ्याकडे बघ रे, पाण्याकडे काय बघतोस,' बाप म्हणायचा. हेडलीला रडूच आलं. होडीत सापळे रचलेले, आमिषाच्या हेरिंग माशांचा वास, आणि बापाच्या पाण्यावर तो आंधळ्यासारखा उभा.

मग त्याला कुणाच्या तरी सापळ्याचा तरंगता बोया दिसला.

पिवळा, मधे काळा पट्टा. त्याच्या पलीकडे दुसरा. उजवीकडे आणखी तीन. हेडलीने होडी हळू केली आणि पाहत गेला. ही जागा बापाला वादळानंतर सापडलेली. ही आजोबांची. इथे आपण दहा वर्षांचे असताना ओकलो होतो. एकेक खडक परत आठवत होता, कारण एकेका खडकावर पिवळा बोया डुलत होता. बापाचा अख्खा नकाशा पाण्यावर मांडून ठेवला होता, अँब्रोजच्या रंगात.

आणि तो रंग कुठे लावला होता? हेडलीच्याच शेडमध्ये, फेब्रुवारीत. काळे पट्टे हेडलीने ओढले होते, कारण अँब्रोजचा हात थरथरतो.

"अरे हरामखोरा!" हेडली ओरडला, पण ऐकायला फक्त समुद्रपक्षी होते. सुरी त्याच्या पट्ट्यालाच होती. दोर कापले असते तर सापळे कायमचे तळाशी राहिले असते आणि गावाने त्याला शब्दानेही विचारलं नसतं. त्याने एक दोर हातात घेतला, ओढला, सुरी लावली. दोराला घातलेली गाठ एफीच्या बापाने शिकवलेली होती. तीच गाठ एफी पावाच्या पिशवीला मारते. त्याने दोर सोडून दिला आणि आपले सापळे दूर, वाळूच्या पट्टीजवळ, कुठेतरी टाकून दिले. तिथे शेवंडी येत नाहीत, हे लहान पोरालाही ठाऊक आहे.

घरी आल्यावर त्याने एफीला सगळं सांगितलं. नवऱ्याचे ओले हातमोजे तिने चुलीवरच्या दोरीला अडकवले आणि बराच वेळ ते नीट करत राहिली.

संध्याकाळी जेवणं उरकत आली असताना दार वाजलं.

पुढचं दार. हिवाळ्यापासून न उघडलेलं. हेडली आणि एफीने एकमेकांकडे पाहिलं. हेडली उठला, खांद्याने धक्का देऊन दार उघडलं. अँब्रोज टोपी हातात घेऊन उभा होता.

"हेड, सापडले रे आकडे," तो म्हणाला. खिशातून त्याने घडी केलेला कागद काढला. "आज सकाळीच... म्हणजे खातं उघडलं एकदाचं."

हेडली बाजूला झाला. अँब्रोज आत आला, बूट काढावेत की नाही ते न कळून पायपुसण्यावरच थांबला. कागद त्याने टेबलाच्या कडेला ठेवला. कोणी तो उचलला नाही.

"तीन हंगाम रिकामे गेले माझे," अँब्रोज खालच्या आवाजात म्हणाला. "माझ्या जागांवर काही उरलं नाही रे. तुझा नकाशा तिकडे दिसत होता मला, वर्षानुवर्षं. कधी हात लावला नाही, देवाशपथ. तुझं मशीन बंद पडलं आणि मला वाटलं, एकच हंगाम..."

"मागितलं असतंस तर निम्मे खडक दिले असते तुला," हेडली म्हणाला. "बापाला दिलेला शब्द मोडून दिले असते, गाढवा. बर्फातून ओढलंस ना मला? मग बुडवायचंच होतं तर तेव्हाच सोडायचं."

अँब्रोज बहिणीकडे वळला. "एफी, तू तरी..."

एफी उठली. चुलीशी गेली, पण खिळ्याकडे तिने हात नेला नाही. तिने काचेचं कपाट उघडलं आणि सोनेरी काठाचा कप आणि बशी काढली. पाद्री आले की निघायची तीच. कप तिने ॲप्रनने पुसला, टेबलावर ठेवला आणि सरळ भावाच्या तोंडाकडे पाहिलं.

"चहा घेणार का आपण?" तिने विचारलं. "दूध किती घालू?"

अँब्रोजची नजर खिळ्यावर गेली. निळा मग तिथेच टांगलेला होता. एफी किटली हातात धरून उत्तराची वाट पाहत उभी राहिली.