वाऱ्याचा वैरी

मी नोझल बोलतोय. नाव अवघड वाटलं तरी घाबरू नका, काम सोपं आहे. वेल्डिंगच्या टॉर्चच्या टोकाला तांब्याची बोटभर नळी बसवलेली असते ना, तोच मी. माझ्या मधोमध एक बारीक तार पुढे सरकते, धातूला टेकताच लख्ख ज्योत पेटते, तार वितळते आणि दोन तुकड्यांचा एक होतो. लोक त्या उजेडाचं कौतुक करतात. त्याच वेळी माझ्या तोंडातून एक वायू बाहेर पडत असतो, तो कुणाला दिसत नाही. माझं कौतुक तर लांबच राहिलं.

आता हा वायू कशाला, हा प्रश्न मला लेथवर कातून काढल्यापासून छळत होता. उत्तर मिळालं ते मिस्त्रींच्या शेडमध्ये. वितळलेल्या धातूला हवा सोसत नाही. माणसं जिच्यावर जगतात तीच हवा आत शिरली, की टाक्यात, म्हणजे त्या जोडलेल्या सांध्यात, नुसती भोकं पडतात. वरून दिसायला टाका, पण भार पडला की मोडला. म्हणून धातू थिजेपर्यंत त्याच्यावर दुसऱ्या वायूचं पांघरूण घालायचं आणि हवेला बाहेर ताटकळत ठेवायचं. ते पांघरूण घालणारा मी.

पण वायू कुठला? खरी गंमत इथे आहे. लोखंडी फाटकं, गज, पाण्याच्या टाक्यांचे पाय असं काम आलं की मिस्त्री कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर जोडतात. गडी कामाचा आहे, खोल शिरतो, पण भारी तापट. तडतड करत ठिणग्या उडवतो आणि त्या माझ्याच तोंडात चिकटतात. मग मिस्त्री पक्कड घालून माझे दात घासल्यासारखं करतात.

आरगॉनचा स्वभाव अगदी वेगळा. कुणाच्या अध्यात ना मध्यात. लोखंडावर मात्र तो एकटा आला तर ज्योत भरकटते, काठ नीट पकडत नाही. म्हणून लोखंडाचं नाजूक काम असेल तर मिस्त्री दोघांचं मिश्रण आणवतात, आरगॉन जास्त, तापट गडी थोडा. स्टीलच्या चकचकीत कामाला तो गडी चिमूटभरच चालतो, नाहीतर कधीही न गंजणारं ते स्टील टाक्यापाशी गंजायला लागतं. आणि ॲल्युमिनियमला तो मुळीच खपत नाही. तिथे निव्वळ आरगॉन. एकदा ॲल्युमिनियमचा चांगला जाडजूड ठोकळा आला होता, तेव्हा आरगॉनच्या जोडीला हेलियम आला. ज्योत कसली तापली! पण स्वारी हवेपेक्षा हलकी, सारखी वर पळू बघायची. मिस्त्री म्हणाले, "याचा पाय काही घरात ठरत नाही."

हे सगळं बघून मला वाटायला लागलं होतं, की वायू बरोबर निवडला की झालं, पुढे चिंता नाही. मग ती खुर्ची आली.

मिस्त्रींच्या बायकोचे पाय अधू आहेत. चाकांच्या खुर्चीत बसून, हातांनी चाकं फिरवत ती कोपऱ्यावरच्या आपल्या शिवणाच्या दुकानात जाते. कुणी मागून ढकलायला गेलं तर चिडते. तर त्या खुर्चीच्या बैठकीखालची ॲल्युमिनियमची नळी चिरली. तिच्या मापाची दुसरी खुर्ची लवकर मिळेना. दुकान बंद पडलं. मिस्त्रींनी तिला उचलून शेडमध्ये आणलं आणि दाराशी एका साध्या खुर्चीत बसवलं.

"मी काय काचेच्या कपाटातली बाहुली आहे, जिथे ठेवाल तिथे बसायला?" ती म्हणाली.

"थोडा वेळ कळ काढ गं. चाकावर बसवूनच घरी पाठवतो."

सिलिंडरवाला आरगॉन घेऊन आला. "मिस्त्री, आज शाही पाहुणा कसा काय बोलावलात?"

"घरचं काम आहे," मिस्त्री म्हणाले.

त्यांनी नळी घासून लख्ख केली, मशीनमध्ये ॲल्युमिनियमची तार घातली, हेल्मेट खाली ओढलं आणि सुरुवात केली. टाका थिजला तेव्हा बघतात तर चाळणी. ग्राइंडरने तो काढून टाकला आणि वायू कमी पडला असेल म्हणून रेग्युलेटर आणखी उघडला. माझा जीव मेटाकुटीला आला. घाईने ओतलेलं दूध पेल्याबाहेर उडतं, तसा वायू माझ्या तोंडातून इतक्या जोरात सुटला की तो गरगरत बाहेरच्या हवेलाच आत ओढायला लागला. त्यात एका बाजूने कसलीशी झुळूक माझं पांघरूण उचलून नेत होती. दुसरा टाका पहिल्यापेक्षा वाईट आला.

मिस्त्रींनी सिलिंडरवाल्याला फोन करून चार शब्द सुनावले. तार बदलली. मलाही काढून पुसलं, जसा काही दोष माझाच. मी बिचारा सांगणार कसा? मिस्त्रींनी पुन्हा टाका घासून काढला आणि नळीवरून बोट फिरवलं. त्यांचा चेहरा उतरला.

"आता एकदाच. परत घासावी लागली तर नळीत जीव उरणार नाही."

"मग राहू द्या," बायको म्हणाली. "मी बसते इथेच."

"इथे बसून काय करणार तू?"

"तुम्हाला वारा घालीन. मघापासून घालतेच आहे, तरी तुम्ही आपले घामाघूम."

"वारा? कसला वारा?"

तिने शेजारच्या टेबलावरच्या पंख्याकडे बोट दाखवलं. "तुम्ही तो टोप डोक्यावर घेतलात की लावते. टोप काढलात की बंद करते. त्याच्या घरघरीत तुमचं बोलणं ऐकू येत नाही मला."

अंगात चामड्याचा जाड कोट, डोक्यावर हेल्मेट, त्यात मशीनचा आवाज. मिस्त्रींना कळणार तरी कसं? ते एकदा पंख्याकडे बघत राहिले, एकदा सिलिंडरकडे. "सकाळपासून मी आरगॉनला शिव्या घालतोय," ते म्हणाले, "आणि वारा घरचाच निघाला."

आधी तिला कळेना. मग कळलं, तसा तिचा चेहरा पडला. "म्हणजे माझी खुर्ची मीच मोडत होते?"

"तू वारा घालत होतीस. इतकी वर्षं मी इथे भाजतोय, कुणी घातला होता का?"

तिचे डोळे भरून आले. मिस्त्री गडबडले. "रडू नकोस हं. ओलावासुद्धा चालत नाही याला." तेव्हा ती रडता रडता हसली आणि वाकून पंख्याची पिनच उपसली.

मिस्त्रींनी वायू कमी केला. या वेळी आरगॉन माझ्या तोंडातून संथ उतरला आणि सांध्यावर पसरून तिथेच थांबला. मिस्त्रींच्या हनुवटीवरून घाम टपटपत होता, पण हात हलला नाही. टाका आला तो माशाच्या खवल्यांसारखा, एकावर एक, एकही भोक नाही. इतकं सुंदर काम माझ्या हातून कधी झालं नव्हतं. मला फार अभिमान वाटला.

त्यांनी तिला खुर्चीत बसवलं आणि सांध्याखाली हाताचा पंजा धरून उभे राहिले.

"हात काढा, बोटं चेमटतील," ती म्हणाली. मग तिने बसल्या जागी अंग हलवून बघितलं, चाकांना हात घातला आणि निघाली. "दुकान उघडायला हवं. लोकांचे कपडे पडलेत." मागे वळूनही बघितलं नाही.

आता माझी कड झिजलीय, एका बाजूला चेपही आलाय. माझ्या जागी बसणारा नवा नोझल खणात तयार आहे, तेव्हा माझे थोडेच दिवस राहिलेत. जाण्यापूर्वी एक सांगतो. दाराजवळची ती साधी खुर्ची मिस्त्रींनी अजून हलवलेली नाही. बायको तिकडे आपल्या दुकानात शिवत बसलेली असते, पण टाका चांगला आला की ते हेल्मेट वर करतात, त्या खुर्चीकडे बघून म्हणतात, "बघ गं, कसा आलाय," आणि मग कुणी ऐकलं नाही ना, म्हणून इकडेतिकडे बघतात. मी रोज ऐकतो, पण मला उत्तर देता येत नाही. तुम्ही कधी आमच्या शेडवरून गेलात तर क्षणभर आत या आणि एवढंच म्हणा, "छान आलाय." त्यांना ते तुमच्याकडून ऐकायचं नाहीये, हे मला ठाऊक आहे. तरी म्हणा.