खिळ्यांचे बूट

तळ्याकाठच्या वेधशाळेत चुंबकसुईच्या खोलीला लोखंड वर्ज्य होतं. किल्ल्या, केसांचे आकडे, पट्ट्याची बक्कल, सगळं दाराबाहेरच्या खुंटीवर अडकवून मगच आत जायचं. मोठे साहेब एकदा पँट हाताने धरून पाहणी करून गेले होते. रुबाब आणि पँट एकाच वेळी सांभाळताना माणूस कसा दिसतो, ते निरीक्षकबाईंनी तेव्हा नीट पाहून घेतलं.

बाईंचं म्हणणं असं, की सूर्य खवळला की सुई थरथरते, आणि सुई थरथरली की दिवस मावळायच्या आत तळ्यावर धुकं बसतं. साहेब विचारायचे, "बाई, सूर्याला तुमच्या तळ्याशिवाय दुसरा उद्योग नाही का?"

विश्वास ठेवणारा एकच होता, बाईंचा नवरा. तो तळ्यावर लाँच चालवायचा आणि सुईला विचारल्याशिवाय दोर सोडायचा नाही. फक्त त्याच्या बुटांना खिळे होते, आणि ते काढायचं त्याच्या कधी लक्षात राहायचं नाही. तो दारात आला की सुई हळूच दाराकडे वळायची. बाई मान वर न करता ओरडायच्या, "अहो, बूट!"

आदल्या दिवशी दुर्बिणीतून सूर्यावर डागांचा मोठा पुंजका दिसला होता, म्हणून त्या सकाळी बाई सुईवर डोळा ठेवून होत्या. सुई एकदम झटकली. वळून पाहतात, तर नवरा पाठीशी उभा.

"अहो, बूट! किती वेळा सांगायचं?"

"अगं, पण मी..."

"आधी बाहेर व्हा. सगळी नोंद बिघडवलीत."

"घरी तू झटकतेस, इथे तुझी सुई. बरं, जाऊ ना पलीकडे?"

"जा. तुमच्यामुळेच हलली ती."

तो हसत गेला. सुई मात्र थांबेना. बाईंनी वैतागून खाली पाहिलं. फरशीवर दारापासून खुर्चीपर्यंत पावलं उमटली होती. ओली, अनवाणी. जन्मात पहिल्यांदा त्याने बूट बाहेर काढले होते.

बाई धक्क्यावर धावल्या. लाँच सुटली होती. वाऱ्याची झुळूक नाही, ढग नाही, आणि पलीकडचा किनारा कोणीतरी पुसत आणावा तसा नाहीसा होत होता. तिकीटवाला भोंगा वाजवत राहिला. "येईल हो, बाई. त्याला तळं तोंडपाठ आहे," तो म्हणाला, पण बाईंकडे न बघता. पाण्यावरून उत्तराचा भोंगा आला नाही.

संध्याकाळी बाई खोलीत परतल्या. सुई शांत होती, जणू तिने काही केलंच नव्हतं. मग ती सावकाश दाराकडे वळली. आणि तिथेच राहिली.

बाईंनी दार उघडलं. उंबऱ्यापर्यंत धुकं आलं होतं. कोणी नव्हतं. खुंटीवर त्यांच्याच किल्ल्या, हलत असलेल्या.

त्या बाजूला सरल्या, वाट दिली.

"या," त्या म्हणाल्या. "बुटांसकट या."