बारीक धार

जयंतीबाई पारोशाच होत्या आणि देवापुढे घंटा वाजवत होत्या. साडी धुतलेली होती, केसांची टोकं ओली होती. फक्त अंघोळ झालेली नव्हती. आजचीच नव्हे, गेल्या कित्येक दिवसांची.

नागपुरात मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली ही बाई. खोटं बोलणाऱ्या मुलीला वर्गाबाहेर उभं करताना त्यांना कधी दया आली नाही. आणि आता ओटावात, मुलाच्या स्वयंपाकघरातल्या कोपऱ्यात, बोटभर बाळकृष्णापुढे त्यांचं हे नाटक चाललं होतं. देवाच्या तोंडाकडे बघायची सोय उरली नव्हती. निरांजनाच्या वातीवर नजर ठेवून त्या आटोपतं घेत.

सुरुवात नळापासून झाली. घर जुनं, आणि बेसमेंटमधला बॉयलरही आधीच्या मालकाच्या वेळचा. त्याला पाण्याची टाकी नाही; नळ उघडला की तो पेटतो आणि वाहतं पाणी तापवून देतो. जयंतीबाईंची खोली आणि वॉशरूम त्याच्या शेजारीच. टबात उभं राहून शॉवर घ्यायची त्यांना धास्ती, म्हणून सुनेने, कस्तुरीने, बादली आणि प्लास्टिकचा मग आणून दिला होता. त्या बादलीत पाणी यायचं ते गारच. तेही ओटावाच्या जानेवारीतलं गार.

त्यांनी मुलाला सांगितलं. विक्रम खाली आला, गरम पाण्याचा नळ सोडला, बॉयलर धप्प करून पेटला आणि वाफा निघाल्या. "येतंय की, आई," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गार. त्याने फोनवर व्हिडिओ बघून बॉयलर रीसेट केला, तापमानाचं बटण वाढवलं. त्याने एवढंच झालं, की वरच्या शॉवरमध्ये त्यालाच चटका बसला. मग मेकॅनिक आला आणि सेन्सर बदलून गेला. जाताना त्यानेही नळ सोडून पाहिला. वाफाच वाफा.

"आई, सगळं वर्क करतंय," विक्रम दमून म्हणाला. टोचून बोलायचा त्याचा स्वभाव नाही, त्यामुळे ते जास्तच लागलं. "तुला जमत नसेल तर कस्तुरी रोज नळ उघडून देत जाईल."

बाईंचं तोंड एवढंसं झालं. अख्खी शाळा चालवलेल्या बाईला नळ उघडून द्यायला माणूस! "काही नको, जमलं मला आता," असं त्या म्हणाल्या, आणि खोट्याची सुरुवात तिथे झाली. दोन दिवस दातओठ खाऊन गार पाणी अंगावर घेतलं. पुढे हाडं ऐकेनात. मग ओल्या पंच्याने अंग पुसायचं, केसांच्या टोकांना पाणी लावायचं आणि वर जाऊन देवापुढे बसायचं, असं सुरू झालं.

एरवी देवाने हेही चालवून घेतलं असतं. पण त्याच आठवड्यात कस्तुरीच्या छातीत गाठ निघाली. बायॉप्सी झाली. देवाधर्माशी फारसं देणंघेणं नसलेली ही मुलगी जिन्यात थांबून म्हणाली होती, "आई, तुम्ही रोज पूजा करता ना, तेव्हा माझ्यासाठी सांगाल?" आणि जयंतीबाईंनी तिला तोंडभरून हो म्हटलं होतं.

रिपोर्टचा दिवस उजाडला. विक्रम गाडीवरचा बर्फ काढायला बाहेर गेला. कस्तुरी जॅकेट चढवूनच स्वयंपाकघरात आली. कॅनडाच्या दीडशेव्या वाढदिवसाचा लाल मग तिने कॉफी न पिताच ओट्यावर ठेवला.

"आई, निघायच्या आधी मी पण बसते. दोघी मिळून सांगू."

ती शेजारी बसली आणि तिने डोळे मिटले. जयंतीबाईंनी घंटा उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

"कस्तुरी, माझी अंघोळ झालेली नाही."

"केस तर ओले आहेत तुमचे."

"ते सोंग आहे. रोजचं." लाजेने त्यांचे कान तापले. "पाणी गारच येतं गं. मला साधा नळ उघडता येत नाही."

कस्तुरी रागावली नाही. हाताला धरून तिने त्यांना खाली नेलं आणि ती टबाच्या काठावर बसली. "दाखवा मला, कसा उघडता ते."

इतक्या दिवसांत हे कुणी म्हटलंच नव्हतं. जो आला तो आपल्याच हाताने नळ सोडून बघून गेला.

जयंतीबाईंनी नळ उघडला. बारीक धार पडू लागली. नागपूरच्या उन्हाळ्यांनी लावलेली सवय ती. नळ धो धो सोडणाऱ्या मुलींना त्यांनी शाळेत कितीदा फैलावर घेतलं होतं. शेजारी बॉयलर गप्प होता. कस्तुरी थोडा वेळ कान देऊन बसली, मग वाकून तिने नळ मोठा केला. धप्प.

"आई, एवढ्याशा धारेने तो पेटतच नाहीये. लो फ्लो त्याला कळतच नाही. तुम्ही बरोबर सांगत होता." तिचा चेहरा उतरला. "सॉरी. आम्ही कुणी नीट बघितलंच नाही."

ऐकून बरं वाटायला हवं होतं. गरम पाणी खांद्यांवरून गेलं तेव्हा सुख झालं, आणि जयंतीबाईंना त्या सुखाचीही लाज वाटली.

त्या वर आल्या तेव्हा बाहेर गाडी सुरू होती. कस्तुरी अजून देवापाशीच बसली होती.

"मला बेडरूममध्ये रोज घंटा ऐकू यायची," ती म्हणाली. "वाटायचं, आई सांगतायत माझ्यासाठी. तेवढ्यावर मी हे दिवस काढले."

आता गप्प बसलं असतं तरी चाललं असतं. पण एका सकाळीत दोनदा खोटं वागायची ताकद त्यांच्यात नव्हती.

"सांगत नव्हते गं," त्या म्हणाल्या. "पारोशा तोंडाने काय मागणार? नुसती घंटा वाजवायचे. तुझं नाव एकदासुद्धा घेतलं नाही."

कस्तुरीने जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली. बाहेरून विक्रमने हॉर्न दिला.

"रिपोर्ट तर लिहून झाला असेल," ती शेवटी म्हणाली. "तरी आज नाव घ्या."

जयंतीबाईंनी घंटा वाजवली आणि तिचं नाव मोठ्याने घेतलं. मग पुन्हा एकदा घेतलं. देवाच्या तोंडाकडे आज त्यांना बघता आलं. शेजारी बसलेल्या मुलीच्या तोंडाकडे मात्र बघवेना.