शेवटचा बाक पुढे आला

मी एक जुना बाक आहे, मित्रांनो. चर्चमधला, आणि तोही सगळ्यात शेवटच्या रांगेतला. म्हणजे होतो शेवटच्या रांगेतला. तेच तर सांगायचंय.

माझं झाड एवढं उंच होतं, की शेंड्यावरून सुटलेलं हिरवं पान जमिनीवर पोचेपर्यंत पिवळं पडायचं. खोटं वाटत असेल तर माझ्या वाकड्या खिळ्याला विचारा. तो माझ्याइतका बोलत नाही, पण माझ्यापेक्षा खरं बोलतो. मला घडवणारा सुतार मोठा कसबी होता. रंध्यानं मला असं गुळगुळीत केलं, की माशी बसली तर घसरून थेट पुढच्या रांगेत. पण बाबा भारी गप्पिष्ट! गप्पांच्या नादात त्यानं माझा एक पाय बोटभर तोकडा कापला. त्या तोकड्या टोकावर कुणी बसलं की मी अगदी शहाण्यासारखा गप्प. ते टोक रिकामं असलं आणि दुसऱ्या टोकाचं माणूस जरा हललं, की टक्! एवढ्या जोरात, की छपरावरची कबुतरं उडून शेजारच्या गावात जायची. पायाखाली लाकडाचा तुकडा ठोकायचं सोडून लोकांनी मला दाराजवळ ढकलून दिलं.

मला ते मानवलं. शेवटच्या बाकावर कोण बसतं? उशिरा येणारे, लवकर पळणारे, आणि ज्यांना देवाचं काही खरं वाटत नाही ते.

चर्चचे पाळक, म्हणजे उपासना चालवणारे, तेव्हा म्हातारे होते. त्यांनी एक रीत पाडली होती: शेवटच्या बाकाला काही विचारायचं नाही. 'चर्चमध्ये नेहमी येता का,' नाही. 'प्रार्थना करता का,' नाही. बसलाय ना? बसू दे.

तिथं दर रविवारी एक म्हातारी आई आणि तिचा मुलगा यायचे. मुलगा बेकरीवाला. पहाटेपासून भट्टीपुढे उभा राहून यायचा, भुवयांवर मैदा तसाच. तो माझ्या तोकड्या टोकावर बसायचा. त्याचा बाप आजारी पडला तेव्हा सगळं चर्च प्रार्थनेसाठी गुडघ्यावर आलं होतं. बाप गेला. त्या दिवसापासून मुलाचं आणि देवाचं बोलणं बंद.

"आई, मी तुला सोडायला येतो हं. देवाला भेटायला नाही," तो म्हणायचा.

"मग बस की नुसता! तो काय तुझ्या अंगावर धावून येतोय?"

मग म्हातारी प्रार्थना करायची आणि तो तिच्या शेजारी पेंगायचा. आठवड्यातून तेवढाच वेळ दोघं एकमेकांजवळ बसायचे. उपासना संपली की म्हातारे पाळक दारात त्याचा हात हातात घ्यायचे. "काय, पाव फुगतोय ना?"

"फुगतोय, पाळकसाहेब."

झालं. एवढाच धर्म.

एक गुपित सांगतो. चर्च रिकामं असलं की कधीकधी दुपारी म्हातारे पाळक स्वतः माझ्यावर येऊन बसायचे आणि छताकडे बघून भांडायचे. "अहो, ऐकताय ना? की मी भिंतीशी बोलतोय?" मित्रांनो, वरून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. पण मी पडलो लाकूड.

पुढे ते वारले आणि नवे पाळक आले. तरुण, हुशार, मनाचे चांगले. त्यांच्या डोळ्यांदेखत रांगा ओस पडत चालल्या होत्या. पोरं म्हणायची, मोबाइलवर एक जण दहा मिनिटांत देव नाही हे सिद्ध करून दाखवतो. नव्या पाळकांची झोप उडाली. ते म्हणाले, "त्यानं दहा मिनिटांत देवाला पाडलं, तर आपण वीस मिनिटांत उभं करू!" मोठा पडदा आणला. शंकेखोरांसाठी खास रविवार ठरवला. आणि शंका घेणाऱ्यांना मागे अंधारात बसावं लागतं हे काही बरं नाही, असं म्हणून मला उचलून सगळ्यात पुढे, पडद्याखाली नेऊन ठेवलं. मानाची जागा! चार माणसं मला उचलताना घामाघूम झाली. मी मुद्दाम जड झालो होतो. उपयोग झाला नाही.

त्या रविवारी आई दारातच थबकली. मग म्हणाली, "माझा बाक जिथं, तिथं मी." बिचारा मुलगाही मागोमाग पुढे आला.

पाळक म्हणाले, "घाबरू नका, आपल्या शंका सांगा." त्यांची नजर फिरत फिरत बेकरीवाल्यावर आली. "तुम्ही सांगा ना! तुम्ही तर नेहमी शेवटी बसायचात."

तो उभा राहिला. टक्!

"मला शंका नाही," तो म्हणाला. पाळकांचा चेहरा खुलला. "देव नाही अशी माझी खात्रीच आहे. मी आईसाठी येतो."

मग पाळकांनी पडद्यावर एकेक चित्र लावत उत्तर दिलं. तारे, डोळ्याची रचना, मधमाशीचं पोळं. फार छान बोलले हो, माझ्यासारखं लाकूडही डोलायला लागलं. शेवटी लोकांनी टाळ्या वाजवल्या. चर्चमध्ये टाळ्या! बेकरीवाल्याचे कान भट्टीसारखे लाल झाले. आई पडद्याकडे बघतच नव्हती. ती त्याच्या हातांकडे बघत होती.

पुढच्या रविवारी त्यानं आईला फाटकापर्यंतच सोडलं. "आई, सगळे माझ्याकडे बघतात गं. नापास पोरासारखं वाटतं." त्यानंतर तो फाटकापर्यंतही आला नाही. शेजारीण आईला आणून बसवायची. माझ्यावर आई एकटीच असायची. जरा हलली की टक्! सगळ्यांच्या माना वळायच्या.

एकदा उपासनेनंतर पाळक तिच्याजवळ आले. "आई, माझं काही चुकलं का?"

"उत्तरं चांगली दिलीत, लेकरा," ती म्हणाली. "पण माझ्या पोरानं विचारलं कुठं होतं?"

पाळकांना तिच्यासाठी काहीतरी करावंसं वाटलं असावं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी सुतार बोलावून माझ्या तोकड्या पायाखाली लाकडाचा तुकडा ठोकून घेतला. रविवारी आई बसली. हलली. आवाज आला नाही. ती आणखी एकदा मुद्दाम हलली.

"कशाला नीट केलंत?" ती पुटपुटली. "टक् झालं की वाटायचं, आत्ताच उठून बाहेर गेलाय. येईल."

त्या हिवाळ्यात ती गेली. तिची शवपेटी माझ्यासमोरच ठेवली होती. उघड्या दारातून मला फाटक दिसत होतं. फाटकाबाहेर तो उभा होता, कपड्यांवर मैदा तसाच. पाळक त्याच्यापर्यंत चालत गेले. या वेळी उत्तरं न देता नुसते त्याच्या शेजारी उभे राहिले. पण आता उशीर झाला होता. तो पेटी बाहेर येईपर्यंत तिथंच उभा राहिला. आत आला नाही.

आता रविवारी मोजकी माणसं येतात आणि सगळी मागे बसतात. माझ्यावर कुणी बसत नाही. पडद्यावर धूळ आहे.

मित्रांनो, कुणी तुमच्याजवळ नुसतं बसायला आलं, तर त्याला बसू द्या. उठवून पुढे उभं करू नका. पाव फुगतोय का एवढंच विचारा. मी सांगतोय खरा, पण तुमच्यापर्यंत पोचणार कसं? पायाखालचा तो तुकडा इतका घट्ट बसलाय, की मला आता टक् सुद्धा करता येत नाही.